इद्दतीचे दिवस मोजण्याआधी

“तलाक होऊन तीन महिने उलटले. मुलीला चांगले स्थळ आले आहे. आता निकाह लावायला हरकत नाही ना?” हा प्रश्न मुलीचे वडील किंवा भाऊ विचारतात, आणि त्यांना ‘हो’ एवढेच उत्तर हवे असते. आम्ही मात्र आधी उलट विचारतो : तलाक कोणत्या तारखेला झाला, आणि कोणत्या रीतीने झाला? बहुतेक वेळा यातल्या एकाही प्रश्नाचे नक्की उत्तर घरात कुणाजवळ नसते.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले जांबे घ्या. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे मारुंजी, नेरे, जांबे या शेतीच्या गावांभोवती इमारती उठल्या. मराठवाड्यातून, सोलापूरकडून, कोकणातून आलेली जोडपी तिथे भाड्याने राहतात. नोकरी इथे, पण घरातले बुजुर्ग, जमात आणि ओळखीचे काजी साहेब गावी. अशा घरात भांडण विकोपाला गेले की मध्ये पडायला कुणी नसते. नवरा मोबाईलवर चार ओळी लिहितो, बायको लेकराला घेऊन एसटीने माहेर गाठते. तारीख कुणी लिहून ठेवत नाही. पुढे सगळा हिशेब अंदाजाने होतो.

मुदत सगळ्यांना सारखी नाही

‘तीन महिने दहा दिवस’ असा एक आकडा आपल्या घरांमधून ऐकू येतो. त्याला आधार नाही. दोन वेगळ्या मुदती एकत्र होऊन तो तयार झालेला दिसतो. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस आहे (सूरह बकरा, आयत 234). तलाक झालेल्या स्त्रीला पाळी येत असेल तर तिची इद्दत महिन्यांवर नव्हे, पाळीवर मोजली जाते (आयत 228). जिची पाळी वयामुळे थांबली आहे तिला तीन चांद्र महिने, आणि गरोदर स्त्रीला बाळंतपणापर्यंत (सूरह तलाक, आयत 4). निकाह झाला पण पती-पत्नी एकत्र आलेच नाहीत, तर तलाकनंतर इद्दत नाही (सूरह अहजाब, आयत 49). हनफी मतानुसार मात्र दोघांचा पूर्ण एकांत झाला असेल तरी इद्दत लागते.

पाळीच्या मोजणीतही मस्लकाप्रमाणे फरक आहे. हनफी फिकहनुसार तलाकनंतरच्या तीन पाळ्या पूर्ण व्हाव्या लागतात. शाफई फिकहनुसार पाकीचे तीन काळ मोजतात. कोकणी मुसलमान शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, म्हणून एकाच इमारतीतल्या दोन भगिनींची इद्दत वेगवेगळ्या दिवशी संपू शकते. कुणी चूक नाही. बाळ अंगावर पीत असेल आणि त्यामुळे पाळी येत नसेल, तर तीन महिने गेले म्हणून इद्दत संपली असे धरू नये. अशा वेळी जाणत्या आलिमांना विचारूनच दिवस ठरवावेत.

तलाक झाला आहे का?

खरा धोका पुढेच आहे. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. तोंडी असो, लेखी असो की व्हॉट्सॲपवर, असा तलाक कायद्याच्या लेखी शून्य आहे आणि पतीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याची दुसरी बाजू आपल्या घरांमध्ये फारशी बोलली जात नाही. तलाक शून्य, म्हणजे विवाह कायम. विवाह कायम, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने इद्दत सुरूच झालेली नाही.

हनफी उलमांपैकी अनेकांच्या मते असा तलाक गुनाह असला तरी लागू होतो. त्यामुळे घरचे लोक तीन पाळ्या मोजतात आणि मुलीचा दुसरा निकाह लावून देतात. पहिला नवरा न्यायालयात गेला तर हा निकाह टिकत नाही, आणि पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याचा गुन्हा त्या मुलीवर लागू शकतो. अन्याय तिच्यावर झाला आणि आरोपीही तीच.

यावर मार्ग आहेत. पती तयार असेल तर खुला किंवा दोघांच्या संमतीचा मुबारात करून तो साक्षीदारांसह कागदावर आणावा. पती अडून बसला तर 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली न्यायालयातून निकाह फस्ख करून घ्यावा. हुकूमनाम्याची तारीख पक्की असते, आणि इद्दत त्या दिवसापासून मोजता येते.

उलट प्रकारही घडतो. पत्नी नफक्यासाठी न्यायालयात जाते आणि पती म्हणतो, “मी तर दोन वर्षांपूर्वीच तलाक दिला, इद्दतही संपली.” याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने 2002 मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी पठाण या खटल्यात निकाल दिला. तलाक दिला असे नुसते म्हणून भागत नाही. तो दिल्याचे, त्यामागच्या कारणाचे आणि त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केल्याचे सिद्ध करावे लागते. मध्यस्थांची ही अट कुरआनचीच आहे. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही जबाबात जुन्या तलाकचा नुसता उल्लेख पुरेसा मानला नाही.

या दिवसांत पुरुषाचेही काम आहे

इद्दत म्हणजे बाईने कोपऱ्यात बसण्याचे दिवस, असा समज आहे. सूरह तलाकची सुरुवात वाचा. तिथे पहिली ताकीद पुरुषांना आहे : दिवस नीट मोजा आणि स्त्रियांना घराबाहेर काढू नका. पुढे, ऐपतीप्रमाणे त्यांना राहायला जागा द्या असे सांगितले आहे. रीतीने दिलेल्या एका तलाकनंतर इद्दतीत रुजू करता येतो. दोघे एका छपराखाली असतील तर राग ओसरायला वाव राहतो. त्याच रात्री एसटीत बसवून दिले की ते दारच बंद होते.

पैशांचेही तसेच. 1986 च्या कायद्याप्रमाणे महर, तिच्या मालकीच्या वस्तू आणि वाजवी व न्याय्य तरतूद तिला मिळाली पाहिजे. ही तरतूद इद्दतीच्या आत करायची असली तरी ती केवळ तीन महिन्यांपुरती नाही, तिच्या पुढच्या आयुष्यासाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डॅनियल लतिफी खटल्यात 2001 मध्ये हेच सांगितले. 10 जुलै 2024 च्या निकालाने फौजदारी संहितेखाली पोटगी मागण्याचा मार्गही तिला खुला असल्याचे स्पष्ट झाले.

नोकरी करणाऱ्या भगिनी विचारतात, इद्दतीत कामावर जावे का? हजरत जाबिर (र.) यांच्या मावशीला इद्दतीत आपल्या खजुरीच्या बागेत जाण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिली होती. फिकहमध्ये यावर तपशील आहेत, पण जिची रोजी कामावरच अवलंबून आहे तिला आधी टोमणे मारू नयेत, आलिमांना विचारावे.

थांबण्याचा नियम फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. फ्रान्समध्ये स्त्रीला 300 दिवस थांबावे लागे. तो नियम 2004 मध्ये गेला. जपानमधली 100 दिवसांची मुदत 1 एप्रिल 2024 पासून रद्द झाली. हिंदू विवाह कायद्यातही 1976 पर्यंत एक वर्षाची अट होती. वंश कळावा एवढाच हेतू असता तर आजच्या तपासण्यांनी इद्दतीचेही काम संपले असते. पण इद्दतीत समेटाची संधी आहे, निवारा आहे, नफका आहे. म्हणून ती पाळायची तर पूर्ण पाळावी. स्त्रीला थांबवून पुरुषाला मोकळे सोडणे ही इद्दत नव्हे.

तेव्हा मुलगी माहेरी आली की पहिल्याच दिवशी वहीत तारीख लिहा. आलेला संदेश पुसू नका. दोन्हीकडचे एकेक शहाणे माणूस बसवा. तलाक ठरलाच तर साक्षीदारांच्या सह्यांचा कागद करा, त्यात महर आणि तरतुदीचा आकडा घाला. इद्दत चालू असताना नव्या स्थळाची बोलणी पक्की करू नका. एवढे झाल्यावर नवे स्थळ आले तर मुलीला विचारा आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करता निकाह लावा. कुरआनने दिवस मोजायला सांगितले तसेच, दिवस भरल्यावर तिला अडवू नका असेही सांगितले आहे.