रात्री बोटीखाली भजी कोण तळतं?

विजयदुर्गच्या खाडीत शिडाची एक छोटी बोट रात्रीच्या मुक्कामाला आलीय, असं समजा. लांबी तीसेक फूट, वजन साधारण ५ टन. आणि एवढ्या बोटीला रात्रभर जागेवर धरून ठेवणारा नांगर? अवघा १५ किलोचा! दोन्ही हातांनी जोर लावलात तर तुम्हीही उचलाल. (पायावर मात्र पाडू नका.)

मग बोट वाहून का जात नाही? कारण नांगर नुसत्या वजनावर धरत नाही, रुतून धरतो. त्याला आडवं ओढलं की त्याचं पातं चिखलात, वाळूत आणखी खोल शिरतं. वर ओढलं की सुटून येतं. म्हणून साखळी भरपूर सोडायची, खोलीच्या निदान पाचपट. तिचा बराचसा भाग तळावर लोळत राहतो आणि नांगराला बसणारी ओढ आडवीच राहते. सकाळी निघताना बोट बरोबर नांगराच्या डोक्यावर आणायची आणि साखळी सरळ वर खेचायची, की आला हातात! १९३३ साली शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, वजनाच्या मानाने कितीतरी घट्ट धरणारा नांगर शोधला तो जी. आय. टेलर यांनी. हे होते केंब्रिजचे नामवंत शास्त्रज्ञ, आणि शिडाच्या बोटीचं त्यांना भारी वेड.

आता एक गणित सोडवा. ओहोटीला पाणी ४ मीटर खोल आहे. साखळी जिथून सुटते ते बोटीचं पुढचं टोक पाण्याच्या वर १ मीटर, तेही धरायचं. झाले ५. पाचपट म्हणजे २५ मीटर साखळी, बरोबर? साफ चूक! मध्यरात्री भरती येणार आणि पाणी आणखी २ मीटर चढणार. म्हणजे ७ गुणिले ५, पस्तीस मीटर हवी. हिशेब नेहमी भरतीचा करायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच जपून.

बरं, नांगर टाकला म्हणून बोट गप्प बसते असं नाही. दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर गार होते आणि मतलई वारे उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतात. बोट पुढच्या टोकाला बांधलेली असते, त्यामुळे वारा वळला की तिचं तोंडही वळतं. खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असला तर तोही तिला फिरवतो. झोपताना खिडकीतून किल्ला दिसत होता, उठल्यावर पाहावं तर समोर दुसराच काठ! म्हणून शेजारच्या बोटीपासून लांब राहायचं, आणि रात्रभर चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा लावायचा. तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. दिवसा दिव्याऐवजी एक काळा गोळा टांगतात.

सगळं नीट झालं, आतले दिवे मालवले, अंथरुणावर पाठ टेकली. आणि पाण्याकडून आवाज सुरू झाला. चर्र... तड तड... चर्र... जणू खाली कुणीतरी कढईत भजी सोडतंय! नवखे खलाशी घाबरून उठतात, बोट तडकली की काय म्हणून टॉर्च घेऊन शोधतात.

हा उद्योग असतो टिचक्या वाजवणाऱ्या कोळंबीचा. उबदार समुद्रांच्या उथळ पाण्यात, खडकांच्या आणि प्रवाळांच्या आसपास ती हजारोंनी राहते. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. दोन नांग्यांपैकी एक मात्र अवाढव्य. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचा आवाज टिपायला अमेरिकन नौदलाने पाण्यात यंत्रं सोडली, तर ऐकू आली ही तडतड!

नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून आवाज येतो, असं पुष्कळ वर्षं वाटत होतं. २००० साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी सेकंदाला ४० हजारांहून जास्त चित्रं टिपणारा कॅमेरा लावला आणि चोर सापडला. नांगी इतक्या झटक्यात मिटते की तिच्यातून पाण्याची चिळकांडी ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने उडते. त्या वेगामुळे पाण्याचा दाब एकदम घटतो आणि एक बुडबुडा तयार होतो. आजूबाजूचं पाणी लगेच त्याला चिरडून टाकतं. तो चिरडतानाचा आवाज म्हणजे ही टिचकी! त्या क्षणी बुडबुड्याच्या आतलं तापमान ४,७०० अंश सेल्सियसच्या वर जातं आणि प्रकाशाची ठिणगीही पडते. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, इतकी ती मंद आणि क्षणिक असते.

एवढी आतषबाजी कशासाठी? भक्ष्याला गुंगवायला आणि घुसखोरांना हाकलायला. समजा भांडणात मोठी नांगीच तुटली, तर? तरी ती अडून बसत नाही. कात टाकता टाकता तिची लहान नांगी वाढून मोठी होते, आणि तुटलेल्या जागी नवी लहान नांगी फुटते.