रायफलीची लांबी आणि आपला हात

चिकू उतरवायची जाळीची काठी डहाणूच्या वाडीत झाडाची उंची पाहून घेतात. उगाच लांब घेतली तर टोक डोलते, हात भरून येतात. एन.सी.सी.मध्ये रायफल प्रथम हाती आली, तेव्हा मला हीच काठी आठवली. नळीखालचा पुढचा भाग लांब असावा, पण किती?

जुन्या .३०३ रायफलीचे लाकडी आवरण जवळजवळ नळीच्या तोंडापर्यंत जाई. कारण भराभर गोळ्या झाडल्या की नळी तापते व हात पोळतो. नेमबाजीच्या रायफलीत हा भाग मुख्यतः डाव्या हाताच्या आधारासाठी असतो.

त्याचे माप झोपून घ्यावे, कारण त्या आसनात हात सर्वांत पुढे जातो. उभ्याने तो मागे येतो. स्पर्धेच्या नियमानुसार झोपून नेम धरताना डाव्या हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करून हवा. तेव्हा हाताच्या पोचेलाही मर्यादा आहे. त्यापुढची लांबी टोकाचे वजनच वाढवते.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते गुडघ्यावर, झोपून व उभ्याने नेम धरून. अशा रायफलीवर हाताची अडणी मागेपुढे सरकवता येते.

आपल्या डहाणू-तलासरीतल्या ठेंगण्या मुलामुलींना वाटते, हात आखूड, हा खेळ आपला नव्हे. मित्रहो, सरावाची रायफल सर्वांना एकाच मापाची मिळते. ती बदलता येत नसली, तरी डावा हात कोठे धरावा हे ज्याचे त्याने शोधावे.