टुक टुक कुठून येतंय?

मिरजेहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

त्या लिहितात, "महाशिवरात्र झाली तेव्हापासून आमच्या परसात टुक टुक टुक असा आवाज येतोय. सकाळी नऊला सुरू होतो, दुपारची जेवणं उरकली तरी चालूच. आधी वाटलं, शेजारच्यांचा पाण्याचा पंप असेल. मग एक दिवस वीज गेली, तरी आवाज थांबेना. आठ दिवस झाले, मी वर बघत अंगणभर फिरतेय. कधी वाटतं चिंचेवर आहे, कधी वाटतं पलीकडच्या गल्लीत. हा पक्षीच आहे ना? असला तर बसतो कुठे?"

पक्षीच आहे, ताई. तांबट. 'बसतो कुठे' याचं उत्तर मात्र दोन ओळींत देता येणार नाही, म्हणून आजचा सगळा लेख तुमच्या नावावर.

मी नेतो त्या वसंतातल्या पक्षी-सहलींना नवखी मंडळी येतात तेव्हा पहिला पाऊण तास मी त्यांना दुर्बिणी पिशवीतून काढू देत नाही. काही जण हिरमुसतात. नवी कोरी दुर्बीण गळ्यात मिरवत पहाटे साडेपाचला उठून आलेल्या माणसाला ती आत ठेवायला सांगणं मलाही जिवावर येतं. पण डोळ्यांना दुर्बीण लागली की कान मिटतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. आणि फाल्गुन-चैत्रात कान मिटून कसं चालेल? याच दिवसांत पाखरं सगळ्यात जास्त बोलतात. आपल्या लोकांना हे कधीच कळलं होतं. पावशाच्या ओरडण्यात 'पेरते व्हा' ऐकणारा शेतकरी त्याचा रंग बघायला थांबत नव्हता.

कान तयार करायला तांबटासारखा गुरू नाही. तो एकच स्वर लावतो आणि तासन् तास लावून धरतो. चुकलात तरी हरकत नाही, पुन्हा ऐकायला मिळतंच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तो जवळजवळ गप्प असतो. ऊन तापायला लागलं की त्याचा गळा सुटतो, आणि मग भर दुपारी बाकीची पाखरं सावलीला गेली तरी ह्याचं काम चालूच. हिंदीत त्याला छोटा बसंता म्हणतात, बंगालीत या घराण्याचं नाव बसंतबौरी. दोन्ही भाषांनी त्याच्या नावात ऋतू पकडला. आपण मराठी माणसांनी त्याचा धंदा पकडला, आणि मला आपलंच नाव जास्त आवडतं.

त्याला कारण एक आजोबा आहेत. चारेक वर्षांपूर्वी ते नातीबरोबर पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या सहलीला आले होते. सगळी हयात कसब्यातल्या तांबट आळीत गेलेली. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जे चकाकते खळगे उठवतात, त्या मठारकामात त्यांनी चाळीसेक वर्षं काढली होती. चढ चढून दमले होते, म्हणून वाटेतल्या एका दगडावर बसले. गिरिपुष्प गुलाबी फुलांनी लगडलं होतं, शिंजीर त्यावर नाचत होते आणि बाकी सगळे माना वर करून ते बघत होते. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तांबट नुकताच सुरू झाला होता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता ह्याचा हात बसला."

मी चमकलोच. कारण तांबट खरंच तसा सुरू होतो. पहिले टुक दबके, चाचपडत आल्यासारखे, मग आवाज चढतो, लय पक्की होते आणि त्यानंतर ठोक्यामागून ठोका अगदी सारखा पडत राहतो. पुस्तकात मी हे वाचलं होतं, टेकडीवर शंभरदा ऐकलंही होतं, पण 'हात बसणं' हा शब्द मला त्या दगडापाशी मिळाला. आजोबांनी पुढे सांगितलं की ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ठोक्याचा नाद बदलतो, आणि तो नाद कानाला कळला की भांडं पुन्हा भट्टीत घालून मऊ करायचं. न बघता, नुसतं ऐकून. "ह्याला भट्टी लागत नाही," ते वर बोट करून म्हणाले, "आणि दोघं आहेत. एक लांब आहे."

आम्हा कुणालाच दुसरा ऐकू आला नव्हता. सगळे गप्प झालो तेव्हा आला, दरीच्या पलीकडून. पहिल्यापेक्षा जरासा जलद. त्यामुळे दोघांचे ठोके एकदा एकत्र पडायचे, मग हळूहळू सुटे व्हायचे, मग पुन्हा जुळायचे. नातीनं घड्याळ लावून मोजले. जवळच्याचे मिनिटाला ११२ भरले, लांबच्याचे ११८. आळीत एका वेळी दहा-वीस हातोड्या चालू असल्या तरी आपल्या हातोडीचा नाद आपल्याला वेगळा ऐकावाच लागतो, असं आजोबांचं म्हणणं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सहलीत तांबटाचे ठोके मोजायचा कार्यक्रम असतो. १५ सेकंद मोजून चारनं गुणायचं. साधारण १०८ ते १२१ च्या दरम्यान आकडा येतो. तुम्हीही मोजून बघा. मोजायला लागलं की ऐकणं आपोआप सुधारतं.

आता ताईंचा खरा प्रश्न. आवाज इतका ठसठशीत असून पक्षी सापडत का नाही?

एक तर, एखादा आवाज कुठून आला हे आपण दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. ज्या कानाच्या बाजूला आवाज, त्याला तो किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. चिमणीच्या चिवचिवाटात बारीक-जाड अनेक स्वर मिसळलेले असतात, तिथे कानाला पकडायला भरपूर मिळतं. तांबटाचा टुक जवळजवळ एकाच पट्टीतला असतो, त्यात कानाला फारसं हाती लागत नाही. दुसरं म्हणजे तो बोलता बोलता मान वळवतो. एक टुक मिरजेकडे, एक सांगलीकडे. तोंड आपल्याकडे असलं की जवळ वाटतो, पाठ फिरवली की गल्लीपल्याड गेला असं वाटतं. तो असतो तिथेच. शहरात त्यात इमारतींच्या भिंती भर घालतात, आवाज त्यांच्यावर आपटून उलट्या दिशेनं येतो.

आणि समजा तुम्ही बरोबर त्याच्याकडेच बघताय, तरी तो हुकू शकतो. आपण उघडलेली चोच शोधत असतो. तांबट चोच मिटून बोलतो! प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगते आणि बसते, डोकं हलकंसं हलतं, एवढंच. त्यात अंगाचा रंग पानाचा. कपाळ आणि छातीवरचा पट्टा लालभडक, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळा, असा तो समोरून पाहिला तर डोळे निवतात. पण पाठीकडून तो पिंपळाचं एक पान असतो. चिमणीएवढा, थोडा जाड, मानेत आखूड.

यावर सहलीत आम्ही जे करतो ते ताईंना कळवलं. एकट्यानं आवाजामागे धावायचं नाही. तिघा-चौघांनी एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब उभं राहायचं, डोळे मिटायचे, दोन्ही तळवे कानांमागे पसरून धरायचे आणि सावकाश मान फिरवायची. आवाज सगळ्यात खणखणीत लागेल तिकडे बोट करायचं, मगच डोळे उघडायचे. बोटांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे तांबट. गेल्या रविवारी टेकडीवर अकरा जण होते. अकरापैकी सात बोटं एकाच मोईच्या झाडाकडे वळली. मोई या दिवसांत निष्पर्ण असते. तिच्या शेंड्याच्या काटकीवर तो सकाळचं ऊन खात बसला होता. पाऊण तास पिशवीत पडलेल्या दुर्बिणी तेव्हा बाहेर आल्या. एका शाळकरी मुलीनं त्याचा फुगणारा गळा पाहिला आणि दुर्बीण आईला द्यायला ती काही तयार होईना.

सकाळी त्याला झाडांच्या उघड्या शेंड्यांवर शोधा, ऊन आपल्या पाठीशी राहील असं उभं राहून. काटेसावर, पांगारा, वाळलेल्या फांद्या. दुपारी मात्र तो पानांत शिरतो. तेव्हा फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर गाठावा. तो मुख्यत्वे फळांवर जगतो. सिंहगडाच्या पायथ्याशी 'कुटुर्र कुटुर्र' ऐकलंत तर तो त्याचा थोरला भाऊबंद कुटुर्गा. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

बुधवारी ताईंचं दुसरं पत्र आलं. त्या, त्यांचा मुलगा आणि शेजारच्या काकू अशी तीन टोकांना उभी राहिली. काकूंचं बोट आधी पाण्याच्या टाकीकडे गेलं, दुसऱ्यांदा डोळे मिटल्यावर तिघांचीही बोटं परसातल्या शेवग्याकडे वळली. आठ दिवस ज्या झाडाखाली उभं राहून त्या चिंचेकडे बघत होत्या, तोच शेवगा. त्याची एक फांदी वाळलीय. तिच्या टोकाला तांबट.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय की ती फांदी टाकीवर पडेल म्हणून येत्या आठवड्यात तोडायला माणूस सांगितलाय.

मी लगेच फोन केला. तांबटाची चोच सुतारपक्ष्यासारखी भक्कम नसते. जिवंत, टणक लाकूड त्याला कोरता येत नाही, म्हणून तो मऊ किंवा मेलेली फांदी निवडतो. शेवग्याचं लाकूड मुळातच मऊ. फेब्रुवारी ते एप्रिल हे त्याचे घरट्याचे दिवस, नर-मादी दोघं मिळून ढोली कोरतात, आणि तोंड ठेवतात फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाऊस आत जात नाही. आपण फांदीकडे सहसा बाजूनं बघतो, त्यामुळे भोक दिसतच नाही. पावसाळ्याआधी जागोजागी वाळक्या फांद्यांची छाटणी होते, तेव्हा अशा कितीतरी ढोल्या पिल्लांसकट खाली येतात. एका वसाहतीच्या आवारात अशी तोडलेली फांदी मी स्वतः उचलून पाहिली आहे. आत काय होतं ते इथे लिहीत नाही.

ताईंना एवढंच म्हटलं की फांदीच्या बरोबर खाली जाऊ नका, दहा पावलं लांबून खालची बाजू बघा. रुपयापेक्षा थोडं मोठं, कंपासनं काढल्यासारखं गोल भोक दिसतंय का? जमिनीवर ताजा भुसा पडलाय का?

फोन चालू ठेवून त्या परसात गेल्या. मला चपलांचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मागे नुसतं टुक टुक टुक. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भुसा आहे."

तोडणाऱ्या माणसाला त्यांनी आता मृगानंतर यायला सांगितलंय. टाकी तेवढी दोन हात सरकवणार आहेत.