कुत्र्याचे केस गळतायत? टक्कल करायच्या आधी हे ऐका

या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे "अं", "म्हणजे" आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही. मुलगा नागपूरचा, घरी दोन वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर. तो म्हणतो, "ताई, घरात केसच केस झालेत. वरणात केस निघाला की बाबा ताट सरकवतात. म्हणाले, महिन्याभरात काहीतरी कर, नाहीतर तिला शेतावर सोडून येऊ. मग ग्रूमरकडे नेऊन सरळ टक्कल करून आणू का? उन्हाळा आहे, तिलाही बरं वाटेल."

तर मित्रा, पहिलं उत्तर: टक्कल करू नकोस. का, ते सांगते.

गोल्डन, लॅब, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन या सगळ्यांचा कोट दुहेरी असतो. आत मऊ, दाट, कापसासारखा अंडरकोट आणि त्यावर लांब, जाडसर, वरचे केस. घरभर जे पुंजके उडतात ते बहुतेक आतल्या थराचे. वरचे केस ऊन आणि पाणी थेट कातडीपर्यंत पोचू देत नाहीत. मशीन फिरवलं की हे छत्रच जातं. गुलाबी कातडी नागपूरच्या उन्हात उघडी पडते आणि भाजते. पुन्हा केस येताना आतला थर भराभर वाढतो, वरचा मागे राहतो, त्यामुळे कोट चिंध्यांसारखा दिसतो. काही कुत्र्यांत पूर्वीसारखा व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, काहींत होतच नाही. आणि एवढं करून केस गळायचे थांबत नाहीत! फक्त लांब केसांऐवजी बारीक टोचरे तुकडे सोफ्यात रुततात, जे झाडूनेही निघत नाहीत. (शस्त्रक्रियेसाठी किंवा जखमेसाठी डॉक्टरांनी केस काढले तर ती गोष्ट वेगळी.)

उकाड्याचं म्हणाल तर कुत्रा मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत थंड होतो. त्याला कूलरसमोरची लादी द्या, सकाळी ऊन चढायच्या आत फिरवून आणा, पाणी भरपूर ठेवा. टकलापेक्षा याने जास्त बरं वाटेल.

आता मुळात केस गळतात का? प्रत्येक केसाचं एक चक्र असतं: वाढतो, थांबतो, गळतो, त्याच जागी नवा येतो. दिवस लहान-मोठा होतो तसं शरीराला ऋतूचं कळतं आणि आतला थर बदलला जातो. पण आपले कुत्रे राहतात फ्लॅटमध्ये, रात्री ११ पर्यंत ट्यूबलाइटच्या उजेडात. त्यामुळे कित्येकांचे केस वर्षभर थोडे थोडे गळतात आणि मध्येच कधीतरी पूर येतो. आपल्या देशी कुत्र्यांचेही गळतात. आखूड असतात म्हणून लक्षात येत नाहीत, कपड्यात सुईसारखे घुसतात ते तेच.

म्हणजे गळणं बंद करता येत नाही. गळायचे केस जमिनीवर पडायच्या आधी ब्रशमध्ये पकडणं, एवढंच आपल्या हातात आहे. घोड्याला, बैलाला खरारा करतात ना, तीच ही गोष्ट. आठवड्यातून तीन-चारदा, १० मिनिटं. पूर आलेल्या काळात रोज. दुहेरी कोटाला दोन साधनं पुरतात: लांब दातांचा अंडरकोट रेक आणि बारीक तारांचा स्लिकर ब्रश. लॅबसारख्या आखूड केसांना रबरी दातांचा मोजा छान. कान, मांड्यांची मागची बाजू आणि शेपटीखाली गुंते होतात, तिथे आधी बोटांनी सोडवा. ब्लेडवाली डीशेडिंग साधनं मिळतात, केसांचा ढीग काढतात आणि व्हिडिओत फार भारी दिसतात. पण रोज जोर लावून फिरवली तर चांगले केसही कापतात आणि कातडी सोलवटते. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, बस. आणि हे सगळं गॅलरीत करणार असाल तर केस पिशवीत भरा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणात गेले तर पुढचा एपिसोड सोसायटीच्या मीटिंगवर करावा लागेल.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. आधी ब्रश, मग पाणी, नाहीतर गुंते आवळतात. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. आपल्या त्वचेपेक्षा त्यांच्या त्वचेची आम्लता कमी असते, शिवाय ती पातळ असते. आपला शाम्पू, डेटॉलचं पाणी, कपड्याचा साबण यांनी ती कोरडी पडते, कोंडा होतो आणि केस आणखी गळतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुळापर्यंत वाळवणं. पावसाळ्यात ओला अंडरकोट तसाच राहिला की एक-दोन दिवसांत आंबट वास येतो, खाली कातडी लाल होते. पंख्याखाली बसवा किंवा ड्रायर थंड हवेवर ठेवा. वाळल्यावर पुन्हा एकदा ब्रश करा, सगळ्यात जास्त केस तेव्हाच निघतात.

खाण्याबद्दल थोडं बोलते, कारण घोळ इथेच असतो. पोळी-दूध किंवा दहीभात यावर वाढणारे कितीतरी कुत्रे मी बघते. पोट भरतं, पण केस बनतात प्रथिनांपासून, आणि ती यात कमी पडतात. अंडं उकडून द्या. "कच्चं दिलं की चमक येते" हे खरं नाही. उलट कच्च्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन बायोटिनला धरून ठेवतं, आणि बायोटिन केसांना लागतं. चिकन किंवा काटे काढलेले मासे, शिजवून, मीठ-मसाला न घालता. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ कातडीला मदत करतं, पण मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारा आणि फरक दिसायला सहा ते आठ आठवडे धरा. जवस चालेल का, असं बरेच जण विचारतात. नुकसान नाही, पण त्यातल्या ओमेगा-३चं उपयोगी रूपांतर कुत्र्याच्या शरीरात फार थोडं होतं. आणि जवसाची चटणी तर नकोच, तिच्यात लसूण असतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात.

आता नीट ऐका, कारण कधीकधी हे नुसतं गळणं नसतं. केस सगळीकडून सारखे जातायत, कातडी दिसत नाहीये, खाज नाहीये, कुत्रा मजेत आहे, तर घाबरू नका. पण चकत्या पडल्या, खाजवून रक्त निघालं, तेलकट वास आला, कातडी काळी-जाड झाली, तर ब्रश ठेवा आणि व्हेटकडे जा.

गोचीड आणि पिसवा तर आहेतच. शेपटीच्या मुळाशी काळे दाणे दिसले तर ओल्या कापसावर घ्या, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. लूत दोन प्रकारच्या किड्यांनी होते. एक किडा मुळात केसांच्या मुळाशी असतोच, प्रतिकारशक्ती कमी झाली की वाढतो, तो माणसाला लागत नाही. दुसऱ्याने भयंकर खाज सुटते आणि तुमच्याही हातावर पुरळ येऊ शकतं. गजकर्ण ही बुरशी, तीही घरातल्यांना लागते. मधल्या वयाचा कुत्रा विनाकारण जाड आणि सुस्त व्हायला लागला, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, शेपूट उंदरासारखी झाली, तर थायरॉइड तपासा. लॅब, गोल्डन, डॉबरमनमध्ये हे बरंच दिसतं, रक्ताच्या तपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीने आटोक्यात येतं. पाणी खूप पितोय आणि पोट लोंबतंय, तर कुशिंग्ज नावाचा दुसरा हार्मोनचा आजार असू शकतो. पिल्लं झाल्यावर कुत्रीचे केस जातात, ते मात्र बहुधा आपोआप येतात.

व्हेटकडे गेल्यावर एक विचारा: "कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार का?" काही मिनिटांचं काम आहे. न बघता स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की चार दिवस खाज थांबते, आणि लूत किंवा बुरशी असेल तर ती आतून वाढते.

घरगुती उपायांपैकी एकावर माझा खरंच राग आहे, तो म्हणजे गाडीचं जळकं ऑइल. गावाकडे आजही लुतीवर चोपडतात. कुत्रा अंग चाटतो आणि ते विष पोटात जातं, कातडीतूनही शिरतं. टी-ट्री ऑइलही विषारी आहे. खोबरेल थोडं लावलंत तर बिघडत नाही, मात्र गळणं त्याने कमी होत नाही. खूप चाटलं तर जुलाब, एवढंच.

आता बाबांचा मुद्दा. ताटात केस येणं हा त्रास आहेच, त्यांना वेडं ठरवू नकोस. स्वयंपाकघराच्या दाराला अडसर लाव, तिला बसायला एकच जाड चादर दे आणि ती दर दोन-तीन दिवसांनी झटकून वेगळी धू. लादी आधी ओल्या फडक्याने पूस, कोरड्या झाडूने केस उडतात. घरात कोणाला शिंका किंवा दमा असेल तर डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जी मुळात केसाची नसते, लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, म्हणून टक्कल केल्यानेही ती जात नाही.

आणि शेतावर सोडणं. सोफ्यावर वाढलेल्या गोल्डनला तिथले कुत्रे उभं करत नाहीत, आणि स्वतःचं अन्न शोधणं तिला माहीतच नाही. उपाशीपोटी मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११खाली गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐकाल तर हसाल: १० ते ५० रुपये. म्हणून बाबांना कायदा दाखवू नकोस. त्यापेक्षा महिनाभर रोज १० मिनिटं ब्रश कर, निघालेले केस एका पिशवीत साठव आणि ती त्यांना दाखव, की हे सगळं घरात पडणार होतं.

पुढच्या भागात गोचीड ताप. प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, आणि कातडीचा प्रश्न असेल तर सोबत उजेडात काढलेला फोटो.