अक्रोडाचं लाकूड आणि आपली आवड

ॲरिस्टॉटलचा ‘हायली’ हा शब्द आपण ‘द्रव्य’ म्हणून शिकतो. ग्रीकमध्ये त्याचा साधा अर्थ लाकूड. लाकूड मुकाट पडलेलं आणि सुतार त्याला आकार देणारा, असं चित्र त्यामागे आहे. ते चित्र मला अपुरं वाटतं, म्हणून आज अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडाविषयी बोलू.

काश्मीरमध्ये ज्यावर कोरीवकाम होतं, त्या अक्रोडाचा हा चुलतभाऊ. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या मिश्र जंगलांत तो विखुरलेला, इथे एक तिथे एक असा वाढतो. त्याला सावली सोसत नाही. खारी अक्रोड पुरतात, काही विसरतात, आणि वर उजेड असेल तिथे रोप टिकतं. चांगल्या फळ्या निघाव्यात इतका बुंधा व्हायला ६०-७० वर्षं तरी लागतात. म्हणजे बघा, राखणारा एका पिढीचा, तोडणारा दुसऱ्या.

हे लाकूड ‘शाश्वत’ म्हणून विकलं जातं. ते खोटं नव्हे. एकूण वाढ तोडीपेक्षा जास्त भरते. पण बेरजेत एक गोष्ट दिसत नाही. सरळ, जाड झाडं निवडून नेली आणि वाकडी मागे ठेवली, तर घनफुटांचा आकडा शाबूत राहतो, जंगलाचा कस मात्र उतरतो.

आणि ‘चांगलं’ झाड कोणतं, हे कोण ठरवतं? गिऱ्हाईक! आपल्याला चॉकलेटी रंग एकसारखा हवा असतो. मधला गाभा तसा असतो. सालीलगतचा भाग फिकट, जवळजवळ पांढरा. मग तो कापून टाकायचा, नाहीतर लाकडाला वाफ देऊन दोन्ही रंग जवळ आणायचे. गाठ दिसली की फळीची किंमत घसरते. आवडनिवड ही खासगी बाब, असं आपण सहज म्हणतो. इथे तीच ठरवते की एका टेबलासाठी किती झाड लागेल.

जॉर्ज नाकाशिमा (१९०५-१९९०) या जपानी वंशाच्या अमेरिकी कारागिराने हे उलटं केलं. तो मूळचा वास्तुविशारद. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमात ‘गोलकोंड’ या इमारतीचं काम पाहायला होता. महायुद्धात अमेरिकेने त्याला कुटुंबासह छावणीत डांबलं. तिथे एका जपानी सुताराकडून तो हातकाम शिकला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या कार्यशाळेत त्याने अक्रोडाच्या फळीची नैसर्गिक कड, फिकट पट्टा, गाठी तशाच ठेवल्या. भेग पडलेली फळी फेकायची नाही. फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी आडवी बसवून ती सांधायची, आणि सांधा लपवायचाही नाही.

गंमत पुढेच आहे. त्याची ही रीत आज फॅशन झाली आहे. नैसर्गिक कडेची अखंड, रुंद फळी हवी, तर बुंधाही तेवढाच जाड हवा, म्हणजे पुन्हा सगळ्यात म्हातारं झाडच!