ठासणीच्या बंदुकीपासून रायफलीपर्यंत

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. पण १८१८ साली तेथे लढलेल्या शूर शिपायांच्या हातात कोणते हत्यार होते, असे एखाद्या लेकराने विचारले, तर पुष्कळजण 'रायफल' असे सांगून मोकळे होतात. वाचकहो, ती रायफल नव्हती. ती होती ठासणीची, चकमकीच्या दगडावर पेट घेणारी, आतून गुळगुळीत नळीची मस्केट.

ती भरणे म्हणजे कष्टाचे काम. कागदी काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. म्हणून पलटण खांद्याला खांदा लावून उभी राही, हुकूम होताच सगळे एकदम बार काढीत आणि शत्रू अंगावर आला की संगीन चाले. अशा लढाईत शिपायाचे खरे बळ म्हणजे जागा न सोडण्याची शिस्त.

रायफलीचे मर्म तिच्या नळीत आहे. नळीच्या आत पिळाचे आटे पाडलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतो तोवर तोल सांभाळतो, तसेच हे. युरोपात ही युक्ती सोळाव्या शतकापासून ठाऊक होती; परंतु घट्ट गोळी ठोकून बसवायला फार वेळ लागे. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाला पोकळी असलेली गोळी प्रचारात आणली. ती नळीत सहज उतरे आणि बार होताच तिचे बूड फुगून आट्यांत बसे. याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड निघाली. तिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय घडले, ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर इंग्रज सावध झाले. गोऱ्या पलटणीला नवी बंदूक आणि हिंदी पलटणीला तिच्या आधीची, असा शिरस्ता पडला.

१८६६ साली प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात प्रशियाच्या शिपायांकडे मागून भरायची रायफल होती. ते जमिनीवर पडून बंदूक भरीत, ऑस्ट्रियाचे शिपाई मात्र उभे राहून नळीत गोळी ठाशीत. निकाल काय लागला, हे सांगायला नको. पुढे बिनधुराची दारू आली, एका वेळी अनेक गोळ्या भरता येऊ लागल्या. दहा गोळ्यांच्या '३०३' ली-एनफिल्डने इंग्रज शिपाई १९१४ साली मिनिटाला पंधरा नेमके बार काढीत. साहजिकच उघड्या मैदानावरच्या रांगा मोडल्या आणि पायदळ खंदकात गेले.

आणि नेमक्या याच काळात आपल्या माणसाच्या हातातून बंदूक काढून घेतली गेली! 'लढाऊ जाती'चे खूळ काढून सरकारने १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. नुकसान केवळ पगार-पेन्शनचे नव्हते. पलटणीत शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, हे आपण विसरता कामा नये. भरतीचे दार बंद झाले, तसे अक्षरांचेही एक दार बंद झाले.

पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडली. बाबासाहेबांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे ती मशीनगन रेजिमेंट झाली. आजही तिच्या बोधचिन्हावर दोन व्हिकर्स मशीनगन आहेत.

नुसत्या शौर्यावर लढाई जिंकता येत नाही, हे १९६२ साली देशाला कळले. चिनी सैनिकांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. आपले जवान प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढावा लागणारी '३०३' घेऊन बर्फात उभे होते. त्यानंतर एसएलआर आणि १९९० च्या दशकात इन्सास आली.

आज रणगाडे आहेत, विमाने आहेत, ड्रोन आहेत. तरी जिंकलेली जमीन ताब्यात ठेवायला रायफलधारी माणूसच लागतो. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी शत्रूची रायफल हिसकावून त्याला ठार केले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

बांधवांनो, आपल्या कितीतरी घरांतल्या जुन्या ट्रंकांत आजोबा-पणजोबांची पदके, डिस्चार्ज बुके, पेन्शनची कागदे पडून आहेत. ती रद्दीत जाऊ देऊ नका. पलटण, नंबर, साल एका वहीत उतरवून ठेवा. ज्यांच्या हातातून एकदा बंदूक काढून घेतली गेली, त्यांनी निदान आपला कागद तरी हातातून जाऊ देऊ नये.