घड्याळ कुणाच्या हाती?

न्यू जर्सी : उन्हाळ्यात इथे संध्याकाळ म्हणजे बेसबॉल. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. उत्तेजक घेताना पहिल्यांदा सापडलेला खेळाडू ८० सामने बाहेर, दुसऱ्यांदा सापडला तर अख्खा हंगाम, तिसऱ्यांदा कायमचा. शिक्षा कडक आहे. पण ती ठरवतं कोण, हे तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्यात सांगितलं तर लोक हसतील. सरकार नाही, कोर्ट नाही; संघांचे मालक आणि खेळाडूंची युनियन समोरासमोर बसून ती करारात लिहितात. पगारावर घासाघीस होते तशीच लघवीच्या तपासणीवरही. आपल्या बैलजोड्यांच्या शंकरपटात घड्याळ जोडीच्या मालकाकडेच द्यावं, तसला हा कारभार.

तो कसा चालला, ते ऐकण्यासारखं आहे. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज रद्द झाली आणि चिडलेले प्रेक्षक दुरावले. त्यांना परत आणलं १९९८ च्या उन्हाळ्याने. मार्क मॅग्वायरने ७० होम रन मारले, सॅमी सोसाने ६६. मॅग्वायरच्या कपाटात एका पत्रकाराला अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली होती. ऑलिंपिकमध्ये बंदी असलेला हा पदार्थ तेव्हा बेसबॉलला चालत होता! स्टेडियम भरत असताना बाटलीची चौकशी करायची कुणी? त्या वेळचे कमिशनर बड सेलिग हे पूर्वी मिलवॉकी संघाचे मालकच होते.

तपासणी आली २००३ मध्ये, तीही नावं गुप्त ठेवून. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षापासून खरी तपासणी, अशी अट होती. तेवढे निघाले. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने खेळाडूंना साक्षीला बोलावलं तेव्हा कुठे लीग हलली. २००७ च्या मिचेल चौकशी अहवालात ऐंशीहून अधिक खेळाडूंची नावं आली. मॅग्वायरने स्टेरॉइड्सची कबुली दिली २०१० मध्ये. आज दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेला स्वतंत्र प्रशासक हे काम बघतो. सुधारणा झाली, नाही असं नाही.

ऑलिंपिक खेळांत मात्र अमेरिकेचा तोरा वेगळा. तिथे 'युसाडा' ही स्वतंत्र संस्था आहे. तिने २०१२ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची सात टूर द फ्रान्स विजेतेपदं काढून घ्यायला लावली. २०२० च्या रॉडचेन्कोव्ह कायद्याने आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उत्तेजकांचं कारस्थान करणाऱ्याला, तो परदेशात असला तरी, दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्यातून घरच्या व्यावसायिक लीग मात्र वगळल्या! चिनी जलतरणपटूंच्या उत्तेजक प्रकरणावरून याच देशाने जागतिक संस्था 'वाडा'ची २०२४ ची वर्गणी अडवून धरली.

हसण्याआधी आपलं पाहू. २०१९ मध्ये मुंबईचा पृथ्वी शॉ खोकल्याच्या औषधात असणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे अडकला. तपासणी बीसीसीआयची, शिक्षाही बीसीसीआयचीच. आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून मोजली, म्हणजे जाहीर झाल्यावर उरले साडेतीन महिने. दहाच दिवसांनी, ९ ऑगस्टला, मंडळाने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था 'नाडा'ची तपासणी मान्य केली. ते योग्यच झालं.

पण 'नाडा' क्रीडा मंत्रालयाच्या सावलीत वाढली. नरसिंग यादवला, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या पैलवानाला, 'नाडा'च्या समितीने १ ऑगस्ट २०१६ ला निर्दोष ठरवलं. 'वाडा'ने अपील केलं आणि १८ ऑगस्टला रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. सरकारी हात फार आत जातो, या 'वाडा'च्या आक्षेपामुळे २०२२ चा आपला कायदा २०२५ मध्ये दुरुस्त करावा लागला.

माझं मत सरळ आहे : तपासणारा ना मालकाचा असावा, ना मंत्र्याचा. अमेरिकेकडून काही घ्यायचं असेल तर युनियन घ्यावी. इथल्या खेळाडूमागे वकील उभा राहतो. तुमसर तालुक्यातल्या कुस्तीगीर पोराच्या मागे कोण? तसं कुणी मिळेपर्यंत, बपेऱ्यातल्या पोरांनो, खोकल्याचं औषध घेतानासुद्धा डॉक्टरांना आधी सांगा, की मी स्पर्धेत उतरतो. आणि जिममधल्या कुणी दिलेल्या बिनलेबलच्या डब्याला हात लावू नका.